रक्तपेढीतील साखर: लाल पेशींच्या साठवणुकीचा इतिहास

लाल रक्तपेशी शरीराबाहेर टिकवण्याच्या प्रश्नाला दोन अंगे आहेत: रक्त गोठू न देणे हे एक आणि पेशी जिवंत ठेवणे हे दुसरे. विसाव्या शतकाच्या आरंभी पहिल्याच अंगाने वैद्यकाला अडवून धरले होते. दात्याची धमनी रुग्णाच्या शिरेला शस्त्रक्रियेने जोडावी लागे, आणि त्यामुळे दोघांना एकाच वेळी शेजारी झोपवल्याशिवाय रक्त देणे अवघड होते. १९१४ मध्ये ब्रुसेल्सचे आल्बेर हुस्टिन आणि ब्वेनोस आयरेसचे लुईस आगोते यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सोडियम सायट्रेट मिसळलेले रक्त रुग्णांना दिले. हा क्षार रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. त्याचे सुरक्षित प्रमाण ०.२ टक्के असल्याचे न्यूयॉर्कचे रिचर्ड लुइसन यांनी १९१५ मध्ये दाखवून दिले.

परंतु न गोठलेले रक्त म्हणजे टिकलेले रक्त नव्हे. प्रौढ लाल पेशीत केंद्रक नसते आणि प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही नसतात. ग्लुकोजचे प्राणवायूविना विघटन करून मिळणाऱ्या एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरच तिचे आवरण आणि आकार टिकून असतात. थंडीने हा खर्च मंदावतो, थांबत नाही. हे रसायन पुरते उलगडण्याच्या कितीतरी आधी, १९१६ मध्ये, रॉकफेलर संस्थेतील पेटन राउस आणि जे. आर. टर्नर यांनी सायट्रेटबरोबर साखर मिसळून पाहिली, आणि त्या मिश्रणात मानवी लाल पेशी शीतपेटीत सुमारे चार आठवडे न फुटता राहिल्या. साठवलेल्या पेशी पुन्हा शरीरात गेल्यावर काम करतात, हे त्यांनी सशांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. राउस यांना पुढे १९६६ मध्ये नोबेल मिळाले ते कर्करोगकारक विषाणूच्या शोधासाठी. रक्तसाठवणुकीचे त्यांचे काम त्यामानाने झाकोळले गेले, हे खेदाचे आहे.

या शोधाचा पहिला मोठा उपयोग युद्धभूमीवर झाला. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी १९१७ मध्ये ब्रिटिश फौजेबरोबर काम करताना ‘ओ’ गटाच्या दात्यांचे रक्त काचेच्या बाटल्यांत या मिश्रणासह आधीच भरून ठेवले, आणि कांब्रेच्या लढाईत त्या बाटल्या बर्फ व लाकडाचा भुसा भरलेल्या दारूगोळ्याच्या पेट्यांतून आघाडीजवळच्या उपचारकेंद्रात नेल्या. जखमी येण्याच्या कित्येक दिवस आधी काढलेले रक्त त्याच्या कामी आले. रक्तदानाची वेळ आणि रक्ताच्या गरजेची वेळ यांची ताटातूट प्रथम येथे झाली, आणि आजची प्रत्येक रक्तपेढी याच ताटातुटीवर उभी आहे.

युद्ध संपताच ही पद्धत मागे पडली. लंडनमध्ये १९२१ पासून पर्सी ऑलिव्हर यांनी दूरध्वनी येताच रुग्णालयात धावून जाणाऱ्या स्वयंसेवी दात्यांची व्यवस्था उभारली; शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी १९३७ मध्ये ‘ब्लड बँक’ हे नाव रूढ केले, तेव्हा तेथील रक्त केवळ सायट्रेटवर सुमारे दहा दिवस ठेवले जाई. चार आठवड्यांचा मार्ग ठाऊक असताना दहा दिवसांवर समाधान मानले गेले, त्यामागे व्यावहारिक अडचणी होत्या. राउस-टर्नर मिश्रणात तीन भाग रक्ताला सात भाग द्रावण लागे, आणि रक्त देण्यापूर्वी पेशी खाली बसू देऊन वरचे पाणी काढून टाकावे लागे. शिवाय साखर आणि सायट्रेट एकत्र उकळून निर्जंतुक करू गेल्यास साखर करपून द्रावण तपकिरी होई. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील जॉन लूटिट आणि पॅट्रिक मॉलिसन यांनी द्रावण किंचित आम्लधर्मी करून ही अडचण दूर केली. आम्लामुळे साखर करपेना, आणि त्याच आम्लामुळे पेशीही अधिक टिकतात असे आढळले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या एसीडी द्रावणाने, म्हणजे आम्ल, सायट्रेट आणि डेक्स्ट्रोज अर्थात ग्लुकोज यांच्या मिश्रणाने, २१ दिवसांची मुदत दिली आणि ते पुढे अनेक वर्षे जगभर वापरात राहिले.

नंतरच्या सुधारणा याच वाटेने झाल्या. १९५० च्या सुमारास कार्ल वॉल्टर यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीने काचेची बाटली हटवली आणि बंद नळ्यांतून रक्ताचे घटक वेगळे करणे सोपे झाले. फॉस्फेट आणि एटीपी घडवण्यास लागणारे अ‍ॅडेनिन मिसळल्यावर मुदत ३५ दिवसांवर गेली. मात्र रक्तद्रव इतर उपचारांसाठी काढून घेतला की त्यातील साखरही पेशींपासून दुरावे. म्हणून स्वीडनमधील उप्साला येथे क्लास होग्मान यांनी १९७८ मध्ये उरलेल्या पेशींसाठी मीठ, अ‍ॅडेनिन आणि ग्लुकोज यांचे स्वतंत्र पूरक द्रावण मांडले. पेशी फुटू नयेत म्हणून त्यात पुढे मॅनिटॉल आले.

अशा पिशवीतील पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला राहिल्या तरी म्हाताऱ्या होतातच. ऊतींना प्राणवायू सोडण्यास मदत करणारे २,३-डीपीजी हे द्रव्य पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ संपते, जरी रुग्णाच्या शरीरात ते पुन्हा तयार होते. त्यामुळे जुने रक्त अपायकारक ठरते काय, ही शंका दीर्घकाळ राहिली. २०१५ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ताजे रक्त दिल्याने मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही.

भारतात पूरक द्रावणातील लाल पेशींची मुदत ४२ दिवस आहे. त्यामुळे १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरांतून महाराष्ट्रात जमलेल्या लाल पेशी एप्रिलच्या आरंभापलीकडे वापरता येत नाहीत, आणि महाविद्यालये सुटीवर असताना मे महिन्यात जाणवणारी टंचाई त्याच दिवसांतील रक्तदानाने भरून काढावी लागते.