एकाच दिवशी जन्मलेले थोर पुरुष : १ जुलैच्या निमित्ताने

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी जुनी प्रथा आहे. आणि ती स्तुत्यही आहे. मुलांनी ते चरित्र वाचावे, वडील मंडळींनी त्यावर बोलावे, आणि वर्षातून एकदा का होईना, घरात थोरांचे स्मरण व्हावे, हा त्यामागील हेतू. प्रस्तुत लेखात मात्र एका पुरुषाचे चरित्र सांगण्याऐवजी एका दिवसाचे चरित्र सांगण्याचा विचार आहे. तो दिवस १ जुलै. आपल्या वाशिम जिल्ह्याशी या दिवसाचे नाते किती प्रकारचे आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी आले नसेल.

एकाच दिवशी दोन थोर व्यक्तींची जयंती यावी, ही गोष्ट इतिहासात विरळा नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, २३ जुलै १९०६ रोजी, मध्य भारतातील भाबरा या गावी चंद्रशेखर आझाद जन्मले. महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, तर कस्तुरबा गांधींचा ११ एप्रिल १८६९ चा. एकाने आपले आयुष्य पुण्यात वेचले, दुसरीने आपला अखेरचा श्वास १९४४ साली त्याच पुण्यात, आगाखान राजवाड्यातील बंदिवासात सोडला. १२ जानेवारी हा राजमाता जिजाऊंचा जन्मदिन, आणि तोच स्वामी विवेकानंदांचाही. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे; तेथे त्या दिवशी लोटणारी गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपल्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. त्यांची जयंती १५ फेब्रुवारीस होते, आणि दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा इटलीचा गॅलिलिओ हाही १५ फेब्रुवारीचाच, सन १५६४ चा.

असे योग पाहिले की मन चकित होते, आणि ग्रहांच्या एखाद्या विशेष योगाचा हा परिणाम असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु गणितशास्त्र येथे आपला हात धरते. कोणत्याही तेवीस माणसांचा मेळावा घेतला, तर त्यातील दोघांचा जन्मदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिक असतो. आणि सत्तावन्न माणसे जमली, तर तो शेकडा नव्याण्णवपर्यंत जातो. पुढील सर्वसाधारण सभेस हा प्रयोग अवश्य करून पाहावा. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट किंवा सहासष्ट, आणि थोरांची संख्या मात्र, सुदैवाने, त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा एका दिवशी दोन थोर जन्मावेत यात चमत्कार नाही.

दुसरी गोष्ट पंचांगाची. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमेचा, विवेकानंदांचा पौष वद्य सप्तमीचा. म्हणजे इंग्रजी तारखेने ज्यांची जयंती एक, त्यांचीच तिथीने निराळी होते. युरोपातही हा घोळ होताच. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ याचा जन्म नव्या पंचांगाप्रमाणे १ जुलै १६४६ चा मानतात. पण त्याच्या गावी त्या काळी जुने पंचांग चालू असल्याने तेथील लोकांच्या लेखी तो २१ जूनचा होता. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद तर महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी धरीत. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद निघाली, आणि अखेर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने मान्य केली. एवढ्या मोठ्या राजाच्या जन्माविषयी तीन शतके मतभेद राहावा, हे पुरेसे बोलके आहे.

आपल्या वाशिमकडेच पाहा. हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा राजा सर्वसेन येथला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, शिलालेख कोरविला तो हरिषेणही याच घराण्यातला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात लाविला आहे. १९३९ साली वाशिम येथे सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या विंध्यशक्तीच्या राज्याचे सदतिसावे वर्ष नोंदले आहे. पण या राजांपैकी एकाचाही जन्मदिवस कोठे लिहिलेला आढळत नाही. त्या काळी राजाने काय दिले, कोणास दिले, कोणत्या वर्षी दिले, हे तांब्यावर कोरीत. तो कधी जन्मला हे कोरीत नसत. संतांची गोष्ट याहून वेगळी. कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, आणि पौष शुद्ध द्वितीयेस त्यांचा जन्मोत्सव तेथे आजही होतो. भक्तांनी तिथी जपली म्हणून ती राहिली. जन्मदिवस टिकतो तो कोणी जपणारा असेल तरच.

आणि आपल्या घरची स्थिती? आमच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर एक नजर टाकावी. गुरुजी विचारीत, “मुलगा केव्हाचा?” वडील सांगत, “थोरल्या पुराच्या साली, पोळ्याच्या आधी.” मग गुरुजी अंदाजाने साल धरीत, आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराचा १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे होत. त्यामुळे एकाच वर्गात निम्मी मुले एकाच दिवशी जन्मलेली निघत! मुलींचे तर नावच दाखल्यावर चढत नसे, मग तारीख कोठून येणार? जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ साली झाला; त्यापूर्वीच्या कितीतरी आया-आज्यांचे वय आज कोणासही सांगता येत नाही. ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे.

असो. आता १ जुलैकडे वळू.

या दिवशी जन्मलेले दोन भारतीय पुरुष असे आहेत की, त्यांची चरित्रे शेजारी ठेवली असता एकमेकांवर प्रकाश पाडतात. पहिले डॉ. बिधानचंद्र रॉय, जन्म १ जुलै १८८२, पाटणा. दुसरे वसंतराव नाईक, जन्म १ जुलै १९१३, पुसद तालुक्यातील गहुली. दोघांमध्ये एकतीस वर्षांचे अंतर. एक वैद्यकीचा, दुसरा वकिलीचा. एक बंगालचा मुख्यमंत्री, दुसरा महाराष्ट्राचा.

डॉ. रॉय यांनी कलकत्त्यात वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि पुढे इंग्लंडला जाऊन वैद्यक व शल्यकर्म या दोन्ही शाखांतील सर्वोच्च पदव्या सव्वादोन वर्षांत संपादन केल्या. ते कलकत्त्याचे महापौर झाले, तेथील विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४३ च्या फेब्रुवारीत आगाखान राजवाड्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांत ते होते. जानेवारी १९४८ मध्ये ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले. फाळणीने दुभंगलेला प्रांत, पूर्वेकडून येणारे निर्वासितांचे लोंढे आणि अन्नाची टंचाई, असा तो काळ. त्यातून त्यांनी दुर्गापूर, कल्याणी, बिधाननगर या वसाहती उभ्या केल्या. १९६१ साली त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १ जुलै १९६२ रोजी, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशीच, त्यांचे देहावसान झाले. जयंती आणि पुण्यतिथी एकाच दिवशी येण्याचा योग त्यांच्या वाट्यास आला. १९९१ पासून हा दिवस भारतात डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो.

वसंतराव नाईक बंजारा समाजातले, तांड्यावर वाढलेले. नागपुरास मॉरिस कॉलेजात व पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी दोन्ही समाजांस हे पचणे सोपे नव्हते. पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष, १९५२ पासून जुन्या मध्यप्रदेशात उपमंत्री, पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि महाराष्ट्रात मंत्री, अशा पायऱ्या चढत कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले, आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. कोयनेचा १९६७ चा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ ही संकटे त्यांच्याच कारकिर्दीतील. संकरित ज्वारीचा प्रसार, कापसाची एकाधिकार खरेदी, रोजगार हमी योजनेचा आरंभ, आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांची स्थापना ही त्यांच्या काळातील कामे. १९७७ साली ते लोकसभेवर निवडून गेले, ते आपल्या वाशिम मतदारसंघातून. आणि वाशिमचे खासदार असतानाच १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वारले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळतात.

एकाच्या जन्मदिवशी देश डॉक्टरांचे स्मरण करतो, दुसऱ्याच्या जन्मदिवशी राज्य शेतकऱ्याचे. मनुष्यास जगवणारे दोन व्यवसाय एका दिवशी आले आहेत.

आणि या दिवसाची तिसरी जयंती आपली स्वतःची आहे. इंग्रजी अमलात वाशिम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता, आणि पुसद तालुका त्याच जिल्ह्यात मोडत असे. १९०५ साली वऱ्हाडची फेररचना होऊन हा जिल्हा मोडला. वाशिम व मंगरूळ अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेले. आठ वर्षांनी गहुलीस वसंतराव जन्मले, तेव्हा ते यवतमाळकर झाले. आधी जन्मते, तर वाशिमकर ठरते. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके वेगळे काढून आपला जिल्हा पुन्हा उभा राहिला. पुसद त्यात परत आले नाही. पण पुसदच्या सुपुत्राचा जन्मदिवस मात्र जिल्ह्याचा जन्मदिवस झाला.

आता प्रश्न असा की, या सर्वांतून आपण, एका ज्ञातीच्या संस्थेने, काय घ्यावे? प्रत्येक संस्था आपापल्या ज्ञातीतील थोर निवडते आणि त्यांच्या तसबिरीस हार घालते. यात गैर काही नाही. घरच्या वडिलांस आधी नमस्कार करावा ही रीतच आहे. पण जयंती ही सातबाऱ्यावरील जमीन नव्हे की, तिच्यावर एकाचेच नाव असावे. ज्या पुरुषाने स्वतः ज्ञातीची रेषा ओलांडून संसार मांडला, त्याला एखाद्या ज्ञातीच्या कुंपणात बसविणे हा त्याचा गौरव होईल काय? आणि ज्या डॉक्टराने हजारो रोगी तपासले, त्याने नाडी पाहताना कोणाची ज्ञात विचारली असेल काय? तारखेने त्यांना एकत्र आणले हा योगायोग. पण आपण त्यांना एकत्र स्मरणे हा विवेक.

शिवाय स्मरणाबरोबर कर्तव्यही येते. कृषी दिन ज्या भूमीपुत्राच्या नावाने होतो, त्याच भूमीत शेतकऱ्यांनी निराशेने जीव द्यावेत, ही वेदना आपण डोळ्यांनी पाहिली आहे. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळही होता आणि वाशिमही. तेव्हा १ जुलैस केवळ हार घालून घरी परतणे पुरेसे नाही.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली, १ जुलै हा दिवस अन्य ज्ञातींच्या संस्थांसह एकत्र साजरा करावा. त्या दिवशी सभासदांतील डॉक्टरांनी खेड्यात जाऊन शेतकरी कुटुंबांची तपासणी करावी. दुसरी, ज्या कुटुंबातील कर्ता पुरुष कर्जाने खचला असेल, त्याच्या दारी मंडळाच्या दोघांनी आपण होऊन जावे. बोलावण्याची वाट पाहू नये. तिसरी, मंडळाने एक जन्मनोंदवही ठेवावी. तिच्यात घरातील प्रत्येक वृद्धाची, विशेषतः आई-आजीची, जन्माची जी काही आठवण असेल ती, तिथी, सण, पूर, दुष्काळ, जसे सांगतील तसे, लिहून घ्यावी. आणखी दहा वर्षांनी विचारावयास कोणी उरणार नाही.

राजांचे जन्मदिवस विसरले गेले, त्यांची दाने उरली. आपल्या मुलाबाळांपैकी कोण कोणत्या थोराच्या दिवशी जन्मले आहे, हे शोधून काढण्यात मौज आहे. ती अवश्य घ्यावी. परंतु जन्माचा दिवस कोणासही निवडता येत नाही. त्या दिवसास पुढे कोणते नाव मिळावे, एवढेच माणसाच्या हाती असते.