सासर, माहेर आणि सरहद्द

विवाहाने स्त्रीचे घर बदलते, ही गोष्ट आपल्याकडे इतकी गृहीत धरलेली आहे की तिचा पुरावा सहसा कोणी मागत नाही. सप्तपदी झाली किंवा निकाह झाला, की मुलगी सासरची झाली. त्यानंतर ती बाळंतपणासाठी माहेरी गेली, आईच्या आजारपणात दोन महिने तिथेच राहिली किंवा भावाच्या लग्नासाठी महिनाभर आधी निघाली, तरी ती घर सोडून गेली असे कोणी म्हणत नाही. जाणे आणि परत येणे हा संसाराचाच एक भाग असतो. परंतु माहेर आणि सासर यांच्यामध्ये एके दिवशी सरहद्द उभी राहिली, तर काय होते? मग प्रत्येक जाण्यायेण्याला तारीख चिकटते. गाडीत कोणत्या दिवशी बसलो, हाती परवाना कोणत्या प्रकारचा होता, अर्जाच्या रकान्यात आपण स्वतःविषयी काय लिहिले होते, अशा गोष्टींवर सासरी राहण्याचा हक्क अवलंबून राहू लागतो. आपल्या देशात 1948 पासून हे घडत गेले. त्याची हकीकत आपण थोडक्यात पाहू.

जुन्या कायद्याची दृष्टी या बाबतीत अगदी सरळ होती. इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहानंतर पतीचे अधिवास तेच पत्नीचे अधिवास समजले जाई. आपल्याकडील 1925 च्या भारतीय वारसा अधिनियमातही हेच तत्त्व आलेले आहे. पती जिथला, पत्नी तिथली. या तत्त्वात स्त्रीच्या स्वतंत्र इच्छेला जागा नव्हती, हा त्यातील उघड दोष होय. तथापि त्यात एक प्रकारचे संरक्षणही होते. पती येथला आहे एवढे सिद्ध झाले, की पत्नी मधल्या काळात कुठे आणि किती दिवस होती, याची चौकशी करण्याचे कारण उरत नसे.

फाळणीने हे चित्र पालटले. मुंबई आणि कराची यांचेच उदाहरण घ्या. सिंध प्रांत 1936 च्या एप्रिलपर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीमध्ये नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने उभी असलेली शाळा आजही त्या जुन्या संबंधाची साक्ष देते. मुंबईहून आगबोटीने कराचीला जाणे हा त्या काळी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्याचा साधा प्रवास होता. अशा प्रदेशांत सोयरिकी जुळल्या होत्या, मुली दिल्याघेतल्या गेल्या होत्या. 15 ऑगस्ट 1947 नंतरही कित्येक महिने लोक इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातच होते. कोणी जिवाच्या भीतीने जात होते, कोणी नोकरीसाठी, तर कोणी केवळ नातलगांना भेटण्यासाठी. जाताना आपण 'स्थलांतर' करीत आहोत की 'भेटीला' चाललो आहोत, हे त्यांतील पुष्कळांना स्वतःलाही सांगता आले नसते.

1948 च्या जुलैमध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवानापद्धती सुरू केली. त्याच वर्षी पाकिस्ताननेही आपल्या बाजूने तशीच व्यवस्था केली. परवाने निरनिराळ्या प्रकारचे असत. थोड्या दिवसांच्या भेटीचा परवाना वेगळा आणि कायमच्या परतण्याचा वेगळा. वरवर पाहता ही कारकुनी व्यवस्था होती. परंतु संविधान तयार होत असताना तिला फार मोठे महत्त्व प्राप्त झाले. 1 मार्च 1947 नंतर जो पाकिस्तानात स्थलांतर करून गेला, तो भारताचा नागरिक समजला जाणार नाही, असे सातव्या अनुच्छेदाने ठरविले. अपवाद एकच होता: जो पुन्हा वस्ती करण्यासाठी किंवा कायमचे परतण्यासाठी दिलेल्या परवान्यावर परत आला, त्याला नोंदणीचा मार्ग मोकळा राहिला. येणाऱ्यांच्या बाबतीत 19 जुलै 1948 ही तारीख सीमारेषा ठरली. 1949 च्या ऑगस्टमध्ये संविधानसभेत नागरिकत्वाच्या या मसुद्यावर कडाक्याची चर्चा झाली. एक कलम वगळले तर मसुदा समितीला इतका मनस्ताप दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिला नाही, अशा आशयाचे उद्गार डॉ. आंबेडकरांनी त्या वेळी काढले होते. परवाना घेऊन परतणाऱ्यांना सवलत देऊ नये, असे काही सदस्यांचे म्हणणे होते. आपल्याच सरकारने परवाना देऊन ज्याला परत बोलावले त्याला दार कसे लावावे, असा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न होता.

पत्नीच्या प्रवासाचा प्रश्न या कलमाशी कसा येऊन भिडला, हे 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग' या खटल्यात स्पष्ट दिसते. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल 1955 साली दिला. गयेच्या एका जमीनदार घराण्यातील गृहस्थाची पत्नी 1948 च्या जुलैमध्ये, म्हणजे परवानापद्धती सुरू झाली त्याच महिन्यात, कराचीला गेली. आपण औषधोपचारासाठी तात्पुरत्या गेलो होतो, असे तिचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ती तात्पुरत्या परवान्यावर भारतात आली आणि 1949 च्या एप्रिलमध्ये पुन्हा कराचीला गेली. त्याच वर्षी, देश सोडून गेलेल्याची मालमत्ता म्हणून, तिची जिंदगी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. 1950 च्या मे महिन्यात तिला कायमच्या परतीचा परवाना मिळाला व ती घरी आली. परंतु आवश्यक ती संमती न घेता हा परवाना चुकीने दिला गेला, असे सांगून दोनच महिन्यांनी तो रद्द करण्यात आला आणि तिला देश सोडण्याचा हुकूम झाला.

उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. पती भारतात आहे आणि पत्नीचे अधिवास पतीच्या मागोमाग चालते, हा जुन्या कायद्याचा आधार तिच्या वतीने पुढे करण्यात आला होता. विवाह कायदेशीर होता असे धरून चालले तरी सातवा अनुच्छेद पाचव्याच्या वरचढ आहे, आणि पतीला भारतात ठेवून पत्नी पाकिस्तानात स्थलांतर करून गेली असल्यास तिच्यासाठी त्यात काही अपवाद केलेला नाही, असा न्यायालयाचा निर्णय झाला. तिच्या मनात जाताना काय होते, हे ठरविण्यासाठी न्यायालयापुढे होता तो कागद. तात्पुरता परवाना मिळविताना तिने आपण पाकिस्तानच्या रहिवासी असल्याचे नमूद केले होते. जुलैमधील प्रवासाचा अर्थ डिसेंबरमधील अर्जावरून लावला गेला.

या निकालातील कायद्याचा तर्क बिनचूक असेल. संविधानाचे शब्द तसेच आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या अर्जाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. सरहद्दीपलीकडे अडकलेल्या माणसाला घरी यायचे आहे. कायमचा परवाना दुर्मिळ, तात्पुरता मिळण्यासारखा. तात्पुरता हवा असेल तर आपण तिकडचे आहोत असे लिहिणेच सोयीचे. त्या क्षणी अर्जदाराच्या डोळ्यांपुढे घर असते; हे वाक्य पुढे आपल्याच विरुद्ध साक्ष देईल, ही कल्पना त्याला कोठून असणार? या एका खटल्यातील बाईच्या मनात नेमके काय होते, हा निवाडा आपण करण्याचे कारण नाही. पण पत्नीची ओळख 'ती कोणाची' यावरून न होता 'ती कोणत्या तारखेला कुठे होती' यावरून होऊ लागली, हा मोठा बदल या निकालाने डोळ्यांपुढे आणला. तिला स्वतंत्र व्यक्ती मानले गेले खरे, पण ते प्रथम तिला दूर ठेवण्यासाठी.

पुढे 15 ऑक्टोबर 1952 पासून परवान्यांची जागा पारपत्र व व्हिसा यांनी घेतली. 1966 च्या कुलत्तिल मम्मू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'स्थलांतर' या शब्दाचा अर्थ अधिक स्पष्ट केला. कायम वस्तीचा हेतू नसला तरी जाणे हे स्थलांतर ठरू शकते, मात्र थोड्या दिवसांसाठी व तात्पुरत्या कामासाठी केलेली भेट त्यात येत नाही, असे ठरले. म्हणजे भेट कोणती आणि जाणे कोणते, हे पुन्हा दिवसांच्या हिशेबावर आले.

सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. सिंधमधील उमरकोटकडील सोढा राजपूत एकाच कुळीचे असल्याने आपसांत लग्न करीत नाहीत. त्यांच्या सोयरिकी राजस्थान व गुजरातमध्येच व्हायच्या. त्यांच्यासाठी मुनाबाव आणि खोखरापार या स्थानकांमधील रेल्वे म्हणजे माहेरची वाट होती. 1965 च्या युद्धात ती बंद पडली, 2006 मध्ये थार एक्सप्रेसच्या रूपाने पुन्हा उघडली आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा थांबली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1955 च्या नागरिकत्व अधिनियमात भारतीयाशी विवाह केलेल्या स्त्रीला नोंदणीचा मार्ग दिला होता आणि त्या कलमात वास्तव्याच्या वर्षांची अट नव्हती. 1986 च्या दुरुस्तीने ही तरतूद पुरुषांनाही लागू झाली, पण पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. 2003 च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे झाली. त्यांतील शेवटचे बारा महिने सलग देशात काढलेले असावे लागतात आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी निदान सहा. त्यामुळे अर्जदार पतिपत्नी आजही पारपत्राची पाने उलटून शिक्के मोजतात. वडिलांच्या अंत्यविधीला गेलो ते किती दिवस, परतीचा शिक्का नीट उमटला आहे का, याची चिंता त्यांना लागून राहते.

2015 मध्ये संसदेने आणखी एक लहानशी दुरुस्ती केली. विशेष परिस्थिती असेल, तर कारणे लेखी नोंदवून, त्या अखेरच्या बारा महिन्यांतून जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट सरकार देऊ शकते, आणि ते दिवस तुकड्यातुकड्यांनीही घेता येतात. या तीस दिवसांना कायद्याच्या पुस्तकात फार जागा मिळालेली नाही. परंतु घरची माणसे आजारी पडतात, मरतात, त्यांना भेटायला जावे लागते, आणि जाणारा परत येण्यासाठीच गेलेला असू शकतो, ही गोष्ट इतक्या वर्षांनी का होईना, कायद्याने मान्य केली. राज्याला सरहद्द राखावी लागते व त्यासाठी नोंदी ठेवाव्या लागतात, याविषयी वाद नाही. नोंद वाचणाऱ्याने मात्र एवढे स्मरणात ठेवावे, की शिक्क्यावर प्रवासाची तारीख उमटते, प्रवासाचे कारण उमटत नाही. ते कारण माणसालाच विचारावे लागते.