रोबो आणि वेठ

'अर्भक' आणि 'रोबो' हे दूरचे भाऊबंद आहेत, असं सांगितलं तर सहसा कोणी विश्वास ठेवणार नाही. संस्कृतात 'अर्भ' म्हणजे लहान, दुबळा. ग्रीकमधला 'ऑर्फानोस', म्हणजे पोरका, याच मुळाचा. इंग्रजीतला 'ऑर्फन' तिथूनच आला. स्लाव भाषांत या मुळापासून 'रब' झाला आणि त्याचा अर्थ झाला गुलाम. पोरक्याला वाली नसतो. ज्याच्या दारी पडेल त्याचं काम त्यानं करायचं, अशी अर्थाची वाट भाषाशास्त्रज्ञ दाखवतात. आपलं 'राबणे' इथे आठवतंच, पण नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवू नये.

या 'रब'च्या घराण्यातलाच चेक भाषेतला शब्द 'रोबोता'. जमीनदाराच्या शेतावर कुळानं फुकट राबायचं, ती रोबोता. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ साली कायद्यानं संपली. शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला. १९२० साली चेक लेखक कारेल चापेक नाटक लिहीत होता. त्यातल्या कृत्रिम कामगारांना त्यानं आधी 'लाबोरी' म्हणायचं योजलं होतं, पण ते त्याला पुस्तकी वाटलं. चित्रकार भाऊ योसेफनं तोंडात कुंचला धरूनच सुचवलं, 'रोबोत म्हण.' 'आर. यू. आर.' हे ते नाटक १९२१ साली प्रागमध्ये रंगमंचावर आलं आणि शब्द जगभर गेला. नाटकातल्या कारखान्याच्या संस्थापकाचं नाव रॉसुम. चेकमध्ये 'रोझुम' म्हणजे बुद्धी. बुद्धिरावांचा वेठबिगार बनवण्याचा कारखाना! संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या नावाचा इंग्रजी मूळ शब्द १९५५ साली एका प्रस्तावात वापरला. चापेकनं बुद्धी आणि वेठ यांची गाठ त्याआधीच मारून ठेवली होती.

मराठीत आपण 'यंत्रमानव' केला. त्यात यंत्र आलं, मानव आला, वेठ गळली. खरं तर वेठीला मराठीत शब्दांची वाण नाही. 'वेठ' आली संस्कृत 'विष्टि'वरून. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेलं गाव 'विष्टी'तून मुक्त केल्याचा उल्लेख येतो, म्हणजे बाकीच्या गावांना ती चुकत नसणार. 'बिगार' फारसीतून आली. अर्थ तोच. पुढे दोन्ही जोडून 'वेठबिगार' झाला. राज्यकर्ते बदलले, दरबारची भाषा बदलली, राबणाऱ्याच्या पदरी त्याच कामाचं आणखी एक नाव पडलं.

'वेठीस धरणे' या वाक्प्रचाराची गंमत तर औरच. मूळ अर्थ, माणसाला पकडून फुकट कामाला लावणं. आज वर्तमानपत्रांत तो बहुधा संपाच्या बातमीत भेटतो: 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.' जो एके काळी धरला जाई, तोच आता धरणारा ठरला.

'बेगार' हा शब्द आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेतही तसाच आहे. अनुच्छेद २३ नं बेगारीला आणि तिच्यासारख्या सक्तीच्या श्रमाला मनाई केली. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या श्रमाचा अर्थ आणखी रुंद केला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करणारा पोटाच्या सक्तीनंच करतो, तेव्हा हीसुद्धा सक्तीच, असं न्यायालयानं ठरवलं.

हा अर्थ हाताशी ठेवून आजच्या रोबोंकडे पाहावं. यंत्र आपोआप शहाणं होत नाही. हे चित्र कशाचं, हा मजकूर हिंसक आहे की नाही, हे माणसं आधी खुणा करून सांगतात. चॅटजीपीटीतून घाण गाळण्यासाठी केनियातल्या कामगारांनी भीषण मजकूर वाचून वाचून त्याची वर्गवारी केली, आणि त्यांच्या हाती तासाला दोन डॉलरहून कमी पडत होते, असं 'टाइम' नियतकालिकानं जानेवारी २०२३ मध्ये छापलं. आपणही यातून सुटलेलो नाही. संकेतस्थळावर शिरताना 'मी रोबो नाही' या चौकटीत खूण करावी लागते, कधी त्यापाठोपाठ चित्रांतले सिग्नल टिपायला सांगतात; पूर्वी वेडीवाकडी अक्षरंही ओळखायला लावत. 'रीकॅप्चा' नावाच्या या चाचणीतल्या अक्षरांतून जुन्या छापील पानांतले यंत्राला न वाचता आलेले शब्द लोकांकडून वाचून घेतले गेले. रोबो नसल्याचा पुरावा म्हणून लोकांनी रोबोता केली, तीही फुकट.

आपली ही वेठ काही सेकंदांची. केनियातल्या माणसाची दिवसभराची. कृत्रिम बुद्धिमत्ता किती नोकऱ्या खाणार यावर परिसंवाद भरपूर झडतात. तिनं जी नवी कामं निर्माण केली त्यांची मजुरी काय, ती कोणत्या देशात आणि कोणाच्या हातात पडते, हेही त्याच व्यासपीठावर विचारायला हवं. त्यासाठी नवी परिभाषा घडवण्याचं कारण नाही. १९८२ ची कसोटी लावली तरी पुरे.