रक्तदाबाच्या गोळीची मात्रा ठरते कशी?

उच्च रक्तदाबाचे निदान होताच ‘किती मिलिग्रॅमची गोळी घ्यावी लागेल?’ हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. त्याचे अचूक उत्तर पहिल्याच भेटीत मिळत नाही. वय, मूत्रपिंडांची स्थिती, मधुमेह आणि सुरू असलेली इतर औषधे पाहून प्रारंभीची मात्रा ठरते. पुढील मात्रा वारंवारच्या मोजणीतूनच निश्चित होते.

गोंदिया शहरालगतच्या मुर्रीच्या रहिवाशांना ही पद्धत शेजारच्या जिल्ह्यात पाहता येईल. ज्या भंडारा जिल्ह्यातून १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, तो २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात वर्धा, सातारा व सिंधुदुर्गसह निवडला गेला. मोजक्या औषधांचा ठरावीक लेखी क्रम हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य. आरंभ बहुधा अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने होतो. सुमारे महिन्याने दाब पुन्हा मोजतात आणि तो १४०/९० च्या खाली आला नसल्यास पुढची पायरी गाठली जाते. मध्ये एवढे अंतर ठेवण्यास कारण आहे. अ‍ॅम्लोडिपिनची रक्तातील पातळी स्थिरावण्यासच साधारण आठवडा लागतो. चार दिवसांत ‘गुण आला नाही’ म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्रा दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होतो, हा समजही चुकीचा आहे. ४२ चाचण्यांच्या २००९ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, त्याच गोळीची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातील औषध जोडल्याने दाब सुमारे पाचपट अधिक उतरतो. उलट अ‍ॅम्लोडिपिन वाढवल्यास घोट्यांवर सूज येण्याची शक्यता वाढते. म्हणूनच टेल्मिसार्टनसारखे दुसरे औषध जोडतात. मात्र ते गर्भवतींना वर्ज्य असून, घेणाऱ्याच्या रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे लागते.

अनेकदा दोष मात्रेत नसून मोजणीत असतो. चहा किंवा खर्रा घेऊन लगेच मोजलेला दाब वाढीव येतो. त्यानंतर अर्धा तास थांबून आणि पाच मिनिटे शांत बसून मोजणी करावी. दाब १३०/८० वर आला म्हणजे रोग गेला असे मानून गोळी सोडणारेही कमी नाहीत. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. गोळी बंद होताच दाब बहुधा पुन्हा चढतो आणि पक्षाघाताचा धोकाही परततो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी व मीठ जाऊन तीच मात्रा जास्त ठरू शकते. उठताना भोवळ येत असल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून ती कमी करून घ्यावी.