केसांचं घरटं: एक छोटी शस्त्रक्रिया आणि कारणाचा प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. अन्वय, व्यतिरेक, अन्यथासिद्ध वगैरे. संपल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण कारण चुकीचं ठरवलं तर कोणाचं काय बिघडतं?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून आज मी शस्त्रक्रियेच्या इतिहासातलं एक प्रकरण घेऊन आलोय. आधीच सांगतो, माझ्या नावामागचं 'डॉक्टर' हे तत्त्वज्ञानातलं आहे. त्यामुळे कृपा करून माझ्याकडे औषधोपचाराचा सल्ला मागू नका.

रोगाचं नाव पायलोनायडल सायनस. माकडहाडाच्या जरा वर, दोन नितंबांमधल्या खाचेत, कातडीला बारीक छिद्रं पडतात. त्यांच्याखाली पोकळी तयार होते, पू धरतो, आणि आत बहुतेक वेळा सापडतो केसांचा पुंजका. आयुर्वेदात अशा वाहत्या जखमेला नाडीव्रण म्हणतात. हा रोग मुख्यतः तरुणांचा. वयात आल्यापासून तिशी-पस्तिशीपर्यंत जास्त, आणि मुलींपेक्षा मुलांना जास्त. जिवावर बेतत नाही, पण बसता येत नाही. आणि जागा अशी की कोणाला सांगता येत नाही.

माझ्या वर्गात एकेकाळी एक मुलगा कायम मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. एकदा मी भर वर्गात म्हणालो, "का हो, बाकाला खिळे लागलेत का?" वर्ग हसला. तो नाही हसला. काही दिवसांनी तो यायचाच बंद झाला. पुढे त्याच्या भावाकडून कळलं, याच दुखण्यासाठी तीन वेळा ऑपरेशन झालं होतं आणि तिन्ही वेळा ते परत उलटलं होतं. तेव्हापासून हे नाव माझ्या डोक्यात बसलं.

आता इतिहास. 1833 साली इंग्लंडमध्ये हर्बर्ट मेयो यांनी केस असलेल्या अशा व्रणाचं वर्णन केलं. 1880 मध्ये बोस्टनच्या हॉजेस यांनी त्याला नाव दिलं. लॅटिनमध्ये 'पायलस' म्हणजे केस आणि 'निडस' म्हणजे घरटं. केसांचं घरटं! नाव छान, पण घरटं बांधलं कोणी? पुढे बराच काळ बहुतेकांचं उत्तर होतं: जन्मानेच. गर्भात पाठीचा भाग जुळून येताना कातडीचा एखादा अंश आत राहून जातो आणि तारुण्यात तो त्रास देऊ लागतो, असं मानलं जाई.

आता बघा, हे कारण एकदा मान्य केलं की उपचार आपोआप ठरतो. आत जन्मजात अंश आहे ना? मग तो मुळासकट काढा. थोडाही मागे राहिला तर रोग परत येणार. म्हणून सर्जन खोल कापत, पार हाडावरच्या आवरणापर्यंत. आणि रोग परत आला की निष्कर्ष काय? मागच्या वेळी पुरेसं कापलं नाही! म्हणजे उपचार फसला तरी सिद्धांत शाबूतच. उलट प्रत्येक अपयश त्याचाच पुरावा ठरायचं. अशा सिद्धांतांपासून सावध राहा, असं कार्ल पॉपर सांगत असत, ते उगीच नाही.

याची किंमत दुसऱ्या महायुद्धात दिसली. अमेरिकी सैन्यात सुमारे 80 हजार सैनिक या रोगासाठी रुग्णालयात दाखल झाले आणि कित्येक जण आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहिले. 1944 मध्ये लुई ब्यूई या डॉक्टरांनी याला 'जीप डिसीज' म्हटलं. खडबडीत रस्त्यावर जीपमध्ये बसून हादरे खाल्ल्याने होणारा, म्हणून. आता मागचं व्याख्यान आठवा. न्यायशास्त्रात कुंभाराचं गाढव येतं. माती त्याच्या पाठीवरून आली, म्हणून काही ते घटाचं कारण होत नाही. ते अन्यथासिद्ध. जीपचं तसंच आहे. जीप जन्मायच्या शंभर वर्षं आधी हा रोग नोंदलेला होता! हादऱ्यांनी दुखणं वाढत असेल, पण जीप हे मूळ कारण नव्हे.

मग खरा धक्का दिला न्हाव्याच्या हाताने. लंडनमधल्या पेटी आणि स्कार्फ या दोघांनी 1946 मध्ये जन्मजातपणाच्या कल्पनेलाच हात घातला. त्यांचं म्हणणं, केस बाहेरून आत शिरतो. आणि 1948 मध्ये त्यांनी एका न्हाव्याच्या हातावरचा असाच व्रण मांडला. न्हाव्यांना बोटांच्या बेचक्यात अगदी असाच रोग होतो आणि आत सापडतात ते केस गिऱ्हाइकांचे असतात. आता सांगा, गर्भात राहिलेला कातडीचा अंश बोटांच्या बेचक्यात कुठून येणार, आणि तोही दुसऱ्याच्या केसांचा? कारण नाही, तरी कार्य आहे. याला आपण व्यतिरेक-व्यभिचार म्हणतो. एका न्हाव्याच्या हाताने मोठमोठ्या ग्रंथांना जागेवरून हलवलं.

केस आत शिरतो कसा? तुम्ही गवतातून चालून आलात की धोतराला, विजारीला कुसळं लागतात. कुसळ एका दिशेने पुढे सरकतं, मागे येत नाही. केसाच्या पृष्ठभागावर तसेच सूक्ष्म खवले असतात. खोल खाच, घाम, चालता-बसताना होणारं घर्षण, यांत सुटा केस आत ढकलला जातो.

मग प्रश्नच बदलला. 'आत काय आहे, ते किती कापू?' याऐवजी 'ही जागाच अशी का आहे, आणि ती बदलता येईल का?' फ्लॅपच्या शस्त्रक्रियांना इथे खरा अर्थ येतो.

फ्लॅप म्हणजे काय? शेजारची कातडी, खालच्या चरबीसकट, पण आपल्या मुळाशी जोडलेली ठेवून सरकवायची. मूळ तोडायचं नाही, कारण रक्त तिथूनच येतं. ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. 1794 साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा, इंग्रज फौजेतला बैल हाकणारा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभाराने कपाळाची कातडी, दोन भुवयांमधलं मूळ तसंच ठेवून, खाली वळवली आणि त्याला नवं नाक केलं. ते वाचून कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं. युरोपातल्या प्लॅस्टिक सर्जरीला मोठी चालना मिळाली ती इथून.

पण नाकासाठी फ्लॅप म्हणजे गेलेलं परत आणणं. आपल्या रोगात त्याचं काम वेगळं आहे. इथे फ्लॅपने नुसता खड्डा भरायचा नाही, तर खाच उथळ करायची आणि टाक्यांची रेघ मधोमध येऊ द्यायची नाही.

आधीचे दोन मार्ग बघा. एक, रोगट भाग काढून जखम उघडी ठेवायची. ती तळापासून भरत येते, पण त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि रोज ड्रेसिंग. दुसरा, कापून सरळ मधोमध शिवून टाकायचं. दिसायला सुटसुटीत, पण कौलारू घराचा अनुभव असलेल्यांना कळेल. दोन उतार जिथे मिळतात त्या पन्हळीतच सांधा ठेवला तर गळती तिथेच होणार. घाम तिथेच, केस तिथेच, ताण तिथेच. टाके उसवतात, पू होतो, रोग परत येतो.

1965 मध्ये मन्रो आणि मॅक्डरमॉट यांनी झेडच्या आकाराचा छेद वापरला, आणि त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच कारणं दूर करण्याची भाषा होती. पण या विचाराला सर्वांत ठामपणे पुढे नेलं ते ग्रीक लष्करी सर्जन कारिडाकिस यांनी. अथेन्समध्ये त्यांच्यापुढे तरुण सैनिकांची रांगच होती. 1973 मध्ये त्यांनी पद्धत मांडली: छेद मध्यरेषेच्या एका बाजूला घ्यायचा, दुसऱ्या बाजूची कातडी सोडवून ओढून आणायची, टाके मध्यरेषेपासून बाजूला. 1992 मध्ये त्यांनी सहा हजारांहून जास्त रुग्णांचा अनुभव दिला. रोग उलटण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. कारणाचं त्यांनी चक्क सूत्रच केलं: सुटा केस, त्याला ढकलणारा जोर, आणि कातडीचा नाजूकपणा.

दुसरी पद्धत लिंबर्ग यांच्या नावाची. हे लेनिनग्राडचे, चेहरा आणि जबड्याचे सर्जन. या रोगाशी त्यांचा संबंधच नव्हता! त्यांनी कातडीची भूमिती मांडली. शंकरपाळीच्या आकाराचा तुकडा काढायचा, कोन 60 आणि 120 अंशांचे, आणि शेजारी तेवढ्याच मापाची शंकरपाळी आखून ती फिरवून त्या जागी बसवायची. पुढे इतर सर्जनांनी ती माकडहाडावर आणली. खाच छान सपाट होते, ताण कमी पडतो. तोटा म्हणजे व्रण मोठा आणि ओबडधोबड दिसतो, काही काळ बधिरपणा राहू शकतो. आणि मूळ आखणीत शंकरपाळीचं खालचं टोक पुन्हा मध्यरेषेवरच येतं, आणि जखम बहुधा तिथेच चिघळते. म्हणून सुधारित लिंबर्गमध्ये ते टोक बाजूला सरकवतात.

तिसरे, ओरेगनचे जॉन बास्कम. यांचं कारिडाकिसांशी पटत नाही. त्यांच्या मते सुरुवात बाहेरच्या केसापासून नव्हे, तर तिथल्याच केसाच्या मुळाच्या पिशवीपासून होते. ती ताणून फुगते, फुटते, केस नंतर येतो. म्हणून साध्या रोगात ते फक्त बारीक छिद्रं काढत. पण वारंवार फसलेल्या रुग्णांसाठी त्यांनी 'क्लेफ्ट लिफ्ट' केली: मांस फारसं न कापता फक्त कातडी सोडवायची, आतली चरबी एकमेकांजवळ आणायची, खाच उथळ करायची, टाके बाजूला.

इथे मला सर्वांत जास्त रस आहे. कारणाबद्दल दोघांचं भांडण, आणि हात मात्र एकाच जागी! अलीकडे जर्मन संशोधकांना या पोकळ्यांमध्ये डोक्याच्या मागच्या भागातले केस सापडले. त्यामुळे कारिडाकिसांचं पारडं जड झालं, असं म्हणता येईल. पण रुग्णाला त्या निकालाची वाट बघावी लागली नाही. 2010 च्या कॉक्रेन आढाव्याने सगळ्या चाचण्या एकत्र तपासून सांगितलं की जखम शिवायचीच असेल तर टाके मध्यरेषेच्या बाजूला घ्यावेत.

मग कारिडाकिस की लिंबर्ग? त्यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या बऱ्याच चाचण्या तुर्कस्तानात झाल्या. कधी एक पुढे, कधी दुसरी. स्पष्ट विजेता नाही. साधारणपणे रोग पसरलेला असेल तर लिंबर्ग सोयीची, आणि कारिडाकिस करायला सोपी, दिसायला बरी. रोग छोटा असेल तर फ्लॅपची गरजच नसते, हेही खरं.

तर त्या गृहस्थांना माझं उत्तर असं. कारण चुकीचं ठरवलं तर हजारो तरुण महिनोन् महिने पालथे झोपतात. शिवाय दोष त्यांच्यावरच येतो, की तू स्वच्छता ठेवली नाहीस, तू पथ्य पाळलं नाहीस. त्या मुलाला तीन वेळा कोणती पद्धत वापरली होती, ते मला ठाऊक नाही. पण मीसुद्धा त्याच्या उभं राहण्याचं कारण एका क्षणात ठरवून टाकलं होतं: उद्धटपणा. विचारलं नाही, तपासलं नाही. कार्यकारणभाव शिकवायच्याच तासाला! सुश्रुताने शल्याची व्याख्या करताना शरीराइतकंच मनही धरलंय. शरीरातलं शल्य काढायला सर्जन आहेत. हे दुसरं मात्र मी आजवर बाळगून आहे.

तुमच्या घरात कोणी मुलगा किंवा मुलगी बसायला टाळत असेल, तर रागावण्याआधी एकदा विचारा. एवढंच. आता प्रश्न घेऊ.