धाराशिव प्रांतींचा काळा उडीद : चुलीवर व तराजूंत

तेर, तुळजापूर, नळदुर्ग, परंडें हीं नांवें निघालीं कीं संशोधकांस शिलालेख, सनदा व दफ्तरें आठवतात. त्याच भूमींत पिकणाऱ्या एका काळ्या दाण्यास कोणी साधनांत जमा धरीत नाहीं. तो धरावा, इतकेंच येथें सांगावयाचें आहे.

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांत उडीद खरिपाच्या पहिल्या पावसावर पेरतात. सुमारें ७० ते ८० दिवसांत तो हातीं येतो आणि त्याच रानांत पुढें रब्बीची ज्वारी घेतां येते. भाद्रपदांत शेंगा काळ्या पडतात, तोंच पितृपक्ष येतो. श्राद्धाच्या पानावरचे वडे नव्या उडदाचे करण्याची सोय पंचांगानेंच लावून दिली आहे म्हणावयाची! रोजच्या जेवणांतला उडीद मात्र निराळा. सालासकट अख्खा दाणा रात्रीं भिजत घालावा, सकाळीं मंद आंचेवर शिजवावा, दाणा फुटून पाण्यास दाटपणा आला म्हणजे वरून लसूण, जिरें व मिरची यांची फोडणी द्यावी आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर कढत खावा. साल काढल्यानें रंग उजळतो, पण चव उणावते, असें आमचें मत आहे.

कुणब्याच्या घरीं अख्खा दाणा, तर राजाच्या पाकशाळेंत त्याचें पीठ. हें कळण्यास साधन आहे. कल्याणी, म्हणजे हल्लींचें बसवकल्याण, उमरग्याहून फार दूर नाहीं. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ शके १०५१ च्या सुमाराचा. श्रीगोंदेकरांनीं तो बडोद्याहून तीन भागांत छापिला (१९२५, १९३९, १९६१). त्यांतील अन्नभोगप्रकरणांत ‘इड्डरिका’ आहे : उडदाच्या पिठाचे लहान गोळे, त्यांस मिरीं, जिरें व हिंग. तांदळाचें नांव नाहीं. इडलीचें कुळ शोधणारांनीं हें विसरूं नये. दुधांत भिजविलेला ‘क्षीरवट’ही तेथेंच आहे.

उडदाचा दुसरा संसार सोनाराच्या दुकानीं. ‘उडीद’ हा शब्द देशी. संस्कृतांत त्यास ‘माष’. स्वयंपाकघरानें देशी नांव राखिलें, तराजूनें संस्कृत. १२ माशांचा तोळा व ८ गुंजांचा मासा हें कोष्टक वृद्धांस अद्याप पाठ असेल. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत (अधिकरण २) १० धान्यमाष किंवा ५ गुंजा मिळून एक सुवर्णमाषक होतो. शके १०७२ च्या लीलावतींत ५ गुंजांचा माष कायम आहे. मात्र तेथें गुंज दोन यवांनीं मोजिली आहे. उडदाचा दाणा गेला, नांव तेवढें उरलें.

आतां कौटिल्याचें मान ताडून पाहूं. ब्रिटिश अमदानींतील तोळा सुमारें ११.६६ ग्राम, त्यावरून गुंज १२१ मिलिग्राम येते, व दोन उडदांची एक गुंज धरिल्यास एक दाणा ६० मिलिग्राम ठरतो. आजच्या उडदाचे १०० दाणे बहुधा ४ ते ५ ग्राम भरतात, म्हणजे दाणा ४० ते ५० मिलिग्रामच. मग जुना दाणा जाड होता, कीं कौटिल्याची गुंज हलकी, कीं मापासाठीं टपोरे दाणे निवडीत? निर्णय देण्याची घाई आम्ही करीत नाहीं. परंतु निवड करून काढिलेल्या नव्या वाणांवरून तो करतां येणार नाहीं, हें उघड आहे.

जुनें बियाणें तर सरत चाललें आहे. गेल्या कांहीं दशकांत जिल्ह्यांतील खरिपाची रानें सोयाबीननें व्यापिलीं. उडीद उरला तेथेंही पेरणीस बहुधा सुधारित वाण येतो. राखेंत व लिंबाच्या पाल्यांत ठेविलेलें घरचें बीं थोड्या लहान शेतकऱ्यांपाशींच असावयाचें. पोथी दोनशें वर्षें फडक्यांत बांधून राहते; बियाणें कांहीं वर्षांत रुजेनासें होतें, त्याची नक्कल मातींतच व्हावी लागते.

म्हणून विनंती अशी कीं, या जिल्ह्यांत दफ्तर पाहावयास जाणारांनीं यजमानाच्या घरीं पिढीजाद उडीद आहे काय, हें विचारावें. असल्यास न निवडलेले १०० दाणे तोलून वजन, गांव, रानाची जात व पेरणीचें साल टिपून घ्यावें, आणि ओंजळभर बीं मागून जवळच्या एखाद्या शेतांत पेरावयास द्यावें.