नेल ग्विन : विनोदी अभिनय आणि कीर्तीची परंपरा

इंग्लंडच्या रंगभूमीच्या इतिहासात नेल ग्विन (१६५०–१६८७) हिचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु ते बहुधा नटी म्हणून घेतले जात नाही. दुसऱ्या चार्ल्स राजाची प्रेयसी म्हणून घेतले जाते. तिची नाट्यकारकीर्द जेमतेम सहा-सात वर्षांची, कीर्ती मात्र साडेतीन शतकांची. या कीर्तीचे मूळ राजाश्रयात शोधावे की रंगमंचावरील तिच्या बोलण्यात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

१६४२ मध्ये बंद झालेली नाट्यगृहे १६६० मध्ये राजसत्तेच्या पुनःस्थापनेबरोबर उघडली. टॉमस किलिग्रू व विल्यम डॅव्हेनंट या दोघांस नाटक मंडळ्या चालविण्याची सनद मिळाली आणि त्याच वर्षाअखेर व्यावसायिक रंगभूमीवर स्त्री प्रथमच उभी राहिली. तोपर्यंत तेथे स्त्रीभूमिका मुलगे करीत. बालगंधर्वांची परंपरा ज्यांस ठाऊक आहे, त्या मराठी वाचकांस या संकेताचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. तो संकेत मोडताच नाटककारापुढे एक नवी शक्यता उभी राहिली : भूमिकेतील स्त्री आणि ती भूमिका करणारी स्त्री यांच्यातील अंतराशी खेळण्याची.

नेल किलिग्रूच्या नाट्यगृहात प्रथम संत्री विकीत असे. प्रेक्षकांच्या थट्टेस तत्काळ प्रत्युत्तर देणे हा त्या धंद्याचाच भाग होता. ही तिची पहिली नाट्यशाळा म्हणावयास हरकत नाही. त्याच मंडळीतील प्रमुख नट चार्ल्स हार्ट याने तिला पुढे आणले आणि १६६५ च्या सुमारास ती नटी म्हणून प्रसिद्धीस आली. मार्च १६६७ मध्ये ड्रायडनच्या ‘सीक्रेट लव्ह’ या नाटकात तिने फ्लॉरिमेलची भूमिका केली. नायक सेलाडन हा हार्टच होता. हे युगुल एकमेकांस शब्दांत गाठते, लग्नाच्या अटी घासाघीस करून ठरविते. फ्लॉरिमेल पुरुषवेष घेऊन छैलाची नक्कलही करते. सॅम्युएल पीप्स या रोजनिशीकाराने हे काम पाहून तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. खट्याळ मुलगी आणि तरुण छैला, ही दोन्ही रूपे त्याला सारखीच अपूर्व वाटली.

परंतु याच पीप्सने त्याच वर्षी ‘द इंडियन एम्परर’मधील तिच्या गंभीर भूमिकेविषयी तीव्र नापसंती नोंदविली आहे. विनोदात इतकी निपुण नटी गंभीर भूमिकेत इतकी निकृष्ट कशी, याचे त्याला नवल वाटले. या दोन नोंदी परस्परविरुद्ध नाहीत. गंभीर नाटकात पात्राने नटीस पूर्णपणे झाकावे अशी अपेक्षा असते. नेलच्या बाबतीत नटी सतत पात्रामधून डोकावत असे. विनोदात तोच गुण ठरे, शोकनाट्यात दोष.

ड्रायडनने हा दोषच भांडवल म्हणून वापरला. १६६९ च्या ‘टिरॅनिक लव्ह’मध्ये तिची व्हॅलेरिया आत्मघात करते. प्रेत उचलून नेणारे येतात, तोच ते प्रेत उठून त्यांना दरडावते आणि समारोपाचे भाषण सुरू करते. त्यात ती व्हॅलेरिया राहत नाही. स्वतःचे नाव घेऊन, आपणांस शोकनाट्यात मारणाऱ्या कवीचीच खिल्ली उडविते. शब्द ड्रायडनचे आहेत हे खरे. पण हा ‘मी’ नेलचा आहे, आणि दुसरी कोणतीही नटी उठून बोलू लागली असती तर त्या भाषणास अर्थ राहिला नसता. लिहिणारा एक आणि बोलणारी दुसरी असली, तरी येथे बोलणारीच्या लौकिकाने लिहिणाराचे शब्द घडविले आहेत.

मे १६७० मध्ये तिला राजापासून मुलगा झाला. त्यानंतर ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ ग्रॅनाडा’मध्ये भूमिका करून १६७१ मध्ये तिने रंगभूमी सोडली. तरीही नाट्यजगाशी तिचा संबंध तुटला नाही. ॲफ्रा बेन हिने १६७९ मध्ये आपले एक नाटक तिला अर्पण केले. १६८७ मध्ये ती वारली, तेव्हा पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या टेनिसनने तिच्या अंत्यविधीप्रसंगी प्रवचन केले.

तिच्या कीर्तीची साधने मात्र सावधपणे तपासली पाहिजेत. तिला लिहिता येत नसे. पत्रे ती दुसऱ्याकडून लिहवून घेई आणि खाली कशीबशी आद्याक्षरे काढी. तिच्या तोंडी घातलेली हजरजबाबी वचने बहुधा इतरांनी, पुष्कळदा मागाहून, नोंदविलेली आहेत. चेल्सी येथील सैनिकांच्या रुग्णालयाच्या स्थापनेचे श्रेय लोकपरंपरा तिला देते. समकालीन कागदपत्रे मात्र सर स्टीफन फॉक्सकडे बोट दाखवितात. पीप्सची रोजनिशी तर १८२५ पर्यंत छापलीच गेली नव्हती. म्हणजे जवळजवळ दीड शतक तिचे नाव दंतकथा, उपहासकाव्ये व चित्रे यांच्याच आधारे जिवंत राहिले. पीटर कनिंगहॅमचे चरित्र (१८५२), १९३४ चा चित्रपट, २०१५ मध्ये ग्लोब नाट्यगृहात झालेले जेसिका स्वेलचे नाटक, हे त्या परंपरेचे पुढील टप्पे होत.

राजाच्या प्रेयसी अनेक होत्या; लोकांनी लाडके नाव देऊन जपली ती मुख्यतः हीच. दंतकथांतील नेल ही राजवाड्यातील स्त्रीसारखी बोलत नाही. ती फ्लॉरिमेलसारखी बोलते : उघड, चपळ, स्वतःवरही हसणारी. त्या दंतकथा घटना म्हणून अविश्वसनीय असतील. परंतु प्रेक्षकांच्या कानांत कोणता आवाज राहिला होता, याचा पुरावा म्हणून त्या अभ्यासकाने टाकून देऊ नयेत. राजाश्रयाने तिला घर आणि मुलास सरदारकी दिली. कीर्ती तिला रंगभूमीने दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.